जुनी मोटोक्रॉस गाडी की नवी? हँडलिंग आणि सेटअपची तुलना करायची रीत

"जुनी गाडी घेऊ की नवी?" मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या उड्या-खड्ड्यांच्या ट्रॅकवरच्या शर्यतीत, नव्याने येणारा जवळपास प्रत्येक जण हे विचारतो आणि त्याला दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक जण सांगतो, जुन्या गाड्या वळतच नाहीत, त्यांच्या नादी लागू नका. दुसरा सांगतो, नव्या गाड्यांत नुसती बटणं वाढली, खरी मजा जुन्यांतच. दोघंही मनापासून बोलत असतात. पण ज्या गाड्या चालवून त्यांनी मत बनवलं, त्यातल्या एकीच्या शॉकमधलं (मागच्या चाकाचे धक्के झेलणारा भाग) तेल वर्षानुवर्षं बदललेलं नसतं आणि दुसरीची स्प्रिंग त्यांच्या वजनाला बसत नसते.

मी दोन्ही पिढ्यांच्या गाड्या चालवल्या आहेत, खोलल्या आहेत, पुन्हा जोडल्या आहेत. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की जुन्या-नव्यातला जो फरक लोकांना जाणवतो, त्यातला मोठा वाटा झिजेचा आणि चुकीच्या स्प्रिंगचा असतो. उरलेला फरक खरा आहे आणि महत्त्वाचाही आहे. मात्र तो कळायचा असेल तर आधी दोन्ही गाड्या एका पातळीवर आणाव्या लागतात. ते कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

१. आधी गाडीची पिढी ओळखा

१९८५ ची गाडी जुनी आणि २००६ चीही जुनी, पण दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून समोरची गाडी कोणत्या टप्प्यातली आहे हे आधी ठरवा.

१९८० च्या आसपास मागच्या दोन शॉकची जागा एका शॉकने आणि लिंकेजने (शॉकला मागच्या चाकाशी जोडणारे सांधे) घेतली. कावासाकीचं युनि-ट्रॅक, होंडाचं प्रो-लिंक, सुझुकीचं फुल फ्लोटर ही सगळी त्याच काळातली. त्याच दशकात ड्रम ब्रेक जाऊन डिस्क आले, आधी पुढे आणि मग मागे. दशक संपता संपता उलटे फोर्क (पुढचं चाक धरून धक्के झेलणाऱ्या दोन नळ्या) रुळले, म्हणजे जाड नळी वर आणि बारीक नळी खाली.

पुढचा मोठा टप्पा १९९७ चा. होंडाने सीआर२५०आर ॲल्युमिनियम फ्रेमवर आणली. ती फ्रेम इतकी ताठ होती की खडबडीत ट्रॅकवर रायडरच्या हातांना प्रत्येक दगड कळायचा. पुढच्या पिढ्यांत फ्रेमची काही अंगं मुद्दाम बारीक केली गेली, जेणेकरून ती थोडी लवचिक राहील. "ताठ म्हणजे चांगली" असं समजणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा. केटीएम तर आजही क्रोममॉली स्टीलची फ्रेम वापरते.

१९९८ ला यामाहाची वायझेड४००एफ आली आणि फोर-स्ट्रोकचं युग सुरू झालं. २००२ ला होंडाची सीआरएफ४५०आर आली. २००८ ला सुझुकीच्या आरएम-झेड४५० मध्ये फ्युएल इंजेक्शन आलं, पुढच्या वर्षी होंडा आणि कावासाकीच्या ४५० मध्ये. २०१० च्या वायझेड४५०एफमध्ये यामाहाने इंजिनचं हेडच उलटं फिरवलं: हवा पुढून आत, सायलिंडर मागे झुकलेला, जड भाग गाडीच्या मध्याजवळ. २०१८ च्या आसपास बटण स्टार्ट सर्रास झाला आणि यामाहात फोनवरून इंजिनचा मॅप (इंधन आणि ठिणगीची मांडणी) बदलता येऊ लागला.

कामापुरते तीन गट धरा. १९९६ पर्यंतच्या गाड्या, १९९७ ते २००८ मधल्या कार्ब्युरेटरच्या पण आकाराने आधुनिक गाड्या, आणि त्यानंतरच्या इंजेक्शनच्या गाड्या. मधल्या गटाला लोक उगाच नाक मुरडतात. यामाहाच्या वायझेड टू-स्ट्रोकला २००५ ला ॲल्युमिनियम फ्रेम मिळाली आणि २००६ ला केवायबी या सस्पेन्शन कंपनीचे एसएसएस नावाचे फोर्क. ते फोर्क इतके चांगले निघाले की त्याच घराण्यातले फोर्क पुढे वर्षानुवर्षं चालू राहिले.

२. हाताशी काय हवं

कागद:
- त्याच मॉडेलचं, त्याच वर्षाचं सर्व्हिस मॅन्युअल. शेजारच्या वर्षाचं चालेल असं समजू नका, एका वर्षात लिंकेज किंवा फोर्क बदललेला असू शकतो.
- खरेदीचे कागद. फ्रेम नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही स्वतः वाचून जुळवा. मोटोक्रॉस गाडी बंद ट्रॅकसाठी बनलेली असते, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीसारखे कागद सगळीकडे असतातच असं नाही. म्हणून मूळ बिल आणि आधीच्या मालकाची सही जास्त मोलाची.
- आधीच्या मालकाची सर्व्हिसची नोंद, विशेषतः सस्पेन्शनचं काम कधी झालं आणि स्प्रिंग बदलली आहे का.

साहित्य:
- गाडी मधोमध उचलून धरणारा स्टँड
- मोजपट्टी किंवा सॅग (गाडी वजनाने किती बसते ते) मोजायची पट्टी, मिलिमीटरची
- ८, १०, १२ चे टी-पाने, ॲलन की आणि मागच्या एक्सलचा पाना
- टॉर्क रेंच
- स्पोकचा पाना
- कमी दाब नीट दाखवणारा हवेचा गेज (कारचा गेज इथे कामाचा नाही)
- एअर फोर्क असेल तर त्याचा खास पंप
- वॉटरप्रूफ ग्रीस, चिंध्या, दोन झिप टाय
- वही आणि पेन्सिल

वही सगळ्यात शेवटी लिहिली, पण तीच सगळ्यात जास्त वापरली जाते.

३. जुनी गाडी आधी मूळ पदावर आणा

इथे घाई करू नका. जुनी गाडी ट्रॅकवर डुलते, हँडल थरथरतं, वळणात पुढचं चाक बाहेर पळतं, या तक्रारींचं मूळ फार वेळा बेअरिंगमध्ये सापडतं.

गाडी स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी ठेवा. फोर्कच्या खालच्या टोकांना दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकला. हलका "टक" जाणवला तर स्टिअरिंगचं बेअरिंग ढिलं आहे. मग हँडल अगदी हळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवा. मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडत असेल तर बेअरिंगच्या कड्यात खड्डे पडले आहेत. घट्ट करून काही होणार नाही, बेअरिंग बदला. अशी गाडी सरळ रेषेतही सतत बारीक डुलते आणि रायडरला वाटतं की फ्रेमच वाईट आहे.

आता मागे या. मागचं चाक टायरला धरून वर उचला. शॉक हलायच्या आधी चाक मोकळं थोडं वर येत असेल तर लिंकेजची बेअरिंग गेली. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आडवा ढकलून पाहा, आडवा सैलपणा मुळीच नको. लिंकेजचा बोल्ट काढून आतली बारीक रोलर बेअरिंग डोळ्यांनी पाहा, बाहेरून अंदाज बांधू नका. एका जुन्या टू-स्ट्रोकच्या लिंकेजमध्ये मी रोलरच्या जागी नुसती तांबूस भुकटी पाहिली आहे. बोल्ट हातोड्याने ठोकून काढावा लागला. मालकाची तक्रार होती की शॉक फार कडक आहे. शॉक बरा होता, लिंकेज जाम झालं होतं. नव्या बेअरिंग आणि ग्रीसनंतर त्याने शॉकचा एकही क्लिक (कडकपणा बदलणाऱ्या स्क्रूचा, म्हणजे क्लिकरचा, टप्पा) फिरवला नाही.

आणि हो, नवीकोरी गाडीही यातून सुटत नाही. कारखान्यातून येताना लिंकेज आणि स्टिअरिंगमध्ये ग्रीस बेताचंच असतं. पहिल्या राइडच्या आधी किंवा लगेच नंतर एकदा खोलून ग्रीस भरा.

त्यानंतर तेल. फोर्क आणि शॉक दोन्हींत तेल असतं आणि ते म्हातारं होतं. शॉकचं तेल थकलं की गाडी पहिल्या दोन फेऱ्या ठीक चालते, तेल तापलं की मागचं चाक उसळायला लागतं. ही खूण ओळखायला शिका. फोर्कच्या सीलभोवती तेलाची चकाकी दिसली तर आधी सीलमध्ये अडकलेली माती काढून पाहा, तरी गळत असेल तर सील बदला. शॉक मात्र घरी उघडू नका, त्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. बंद कार्ट्रिजचे, दोन चेंबरचे फोर्कही पहिल्यांदा जाणकाराकडूनच करून घ्या.

राहिलेल्या गोष्टी भराभर तपासून घ्या: चाकांची बेअरिंग, स्पोकचा ताण, चेनचा ढिलेपणा, स्विंगआर्मवरचं चेन घासायचं रबर. फ्रेमला तडे शोधा, विशेषतः फूटपेगच्या मुळाशी, खालच्या नळ्यांवर आणि स्टिअरिंगच्या वेल्डिंगपाशी. इंजिन फ्रेमला धरणारे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवरच कसा. आधुनिक फ्रेममध्ये इंजिन हाही ताठपणाचा भाग असतो. हे बोल्ट जास्त कसले की गाडी ताठ वाटते, ढिले राहिले तर अंगं झिजतात.

४. स्प्रिंग आणि सॅग: खरा निकाल इथेच लागतो

मोठ्या आकाराच्या बहुतेक मोटोक्रॉस गाड्यांच्या कारखान्यातल्या स्प्रिंगा साधारण ७० ते ८० किलोच्या रायडरला धरून बसवलेल्या असतात. तुमचं वजन ९५ किलो असेल किंवा ५५ किलो, तर कितीही महागडी नवी गाडी घेतली तरी ती तुमच्यासाठी चुकीचीच आहे. जुन्या गाडीत आणखी एक भानगड असते, आधीच्या मालकाने स्वतःच्या वजनाची स्प्रिंग बसवलेली असू शकते. स्प्रिंगवरचा नंबर किंवा रंगाची खूण पाहून मॅन्युअलशी ताडून घ्या.

सॅग म्हणजे गाडी वजनाने किती खाली बसते ते. मोजायला एक मदतनीस लागतो, मोजपट्टी धरायला. गाडी धरायला आणखी एक जण असेल तर उत्तम.

पहिलं माप: गाडी स्टँडवर, मागचं चाक हवेत. मागच्या एक्सलपासून सरळ वर मडगार्डवरच्या एका ठरलेल्या बिंदूपर्यंत मोजा. बिंदूवर मार्करने खूण करा. समजा ६१० मिमी आलं.

दुसरं माप: गाडी जमिनीवर, रायडरशिवाय. मागून दोन-तीनदा दाबून सोडा आणि मोजा. समजा ५७५ आलं. ६१० मधून ५७५ वजा, ३५ मिमी. हा स्टॅटिक सॅग.

तिसरं माप: हेल्मेट, बूट, गार्ड सगळं घालून रायडर गाडीवर. फूटपेगवर उभं राहून थोडं उसळा, मग नेहमीच्या जागी बसा. समजा ५०७ आलं. ६१० मधून ५०७ वजा, १०३ मिमी. हा रेस सॅग.

लिंकेज असलेल्या मोठ्या आकाराच्या गाड्यांत रेस सॅग साधारण १०० ते १०५ मिमी आणि स्टॅटिक ३० ते ४० मिमी यावा. लहान चाकांच्या गाड्यांचे आणि केटीएमच्या जुन्या बिनलिंकेजच्या शॉकचे आकडे मॅन्युअलमधून घ्या.

आता खरी मेख. शॉकवरची रिंग फिरवून प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते) वाढवला-कमी केला की रेस सॅग हवा तिथे आणता येतो. नवखे तिथेच थांबतात. पण रेस सॅग १०३ वर आणल्यावर स्टॅटिक पुन्हा मोजा. तो २० मिमीच राहिला तर स्प्रिंग तुमच्या वजनाला नरम आहे, तिला नुसतं आवळून ठेवलं आहे. ५० मिमी आला तर स्प्रिंग कडक आहे. हे थोडं उलटं वाटतं, म्हणून दोनदा वाचा. दोन्ही बाबतीत क्लिकर फिरवून इलाज होत नाही, स्प्रिंगच बदलावी लागते. नवख्यांना माझा आग्रहाचा सल्ला हाच: सायलेन्सर, ग्राफिक्स, रंगीत हबवर खर्च करण्याआधी स्वतःच्या वजनाची स्प्रिंग घ्या. जुन्या गाडीला योग्य स्प्रिंग आणि ताजं तेल मिळालं की ती चुकीच्या स्प्रिंगच्या नव्या गाडीपेक्षा जास्त विश्वासाने वळते.

५. पुढचे फोर्क: स्प्रिंगचे की हवेचे?

नव्या गाडीत हा प्रश्न आधी सोडवा. २०१३ ला होंडा आणि कावासाकीच्या ४५० मध्ये केवायबीचे हवेचे फोर्क आले. वजन कमी आणि रायडरच्या वजनाप्रमाणे दाब बदलला की झालं, ही कल्पना चांगली होती. पण कित्येक रायडरना बारीक खाचांवर त्यांचा स्पर्श बोथट वाटला. २०१७ ला होंडा ४५० वर स्प्रिंगकडे परतली, २०१९ ला कावासाकीही. यामाहाच्या मोठ्या वायझेड गाड्या स्प्रिंग सोडून गेल्याच नाहीत. केटीएम मात्र डब्ल्यूपी कंपनीच्या एअर फोर्कवर ठाम राहिली, त्यात एका पायात हवा आणि दुसऱ्यात डॅम्पिंग (हालचाल मंद करणारी यंत्रणा) असतं.

एअर फोर्क असेल तर तीन नियम पाळा. दाब प्रत्येक राइडच्या आधी, फोर्क थंड असताना, पुढचं चाक हवेत ठेवून तपासा. कायम तोच पंप वापरा, कारण दोन गेजमध्ये फरक असतो. पंप जोडताना थोडी हवा नळीत जाते, त्यामुळे जोडल्यावर दिसणारा आकडा कमी असतो. "हवा गळाली" म्हणून घाबरू नका, ठरलेल्या आकड्यावर भरा आणि काढा.

स्प्रिंगच्या फोर्कमध्येही राइड करताना वर हवा साठते आणि फोर्क कडक होतो. वरच्या टोपीवर बारीक स्क्रू किंवा बटण असतं. पुढचं चाक जमिनीवरून उचला, मग ते उघडून हवा जाऊ द्या. दर राइडच्या आधी अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि फार लोक ते विसरतात.

फोर्कच्या बारीक नळीवर एक झिप टाय हलकाच बांधा. फेऱ्या मारून आलात की तो किती खाली सरकला ते पाहा. ट्रॅकवरच्या सगळ्यात मोठ्या उडीवर फोर्क जेमतेम तळाला टेकला पाहिजे. दर खड्ड्याला टेकत असेल तर नरम आहे. कधीच टेकत नसेल तर तुम्ही फोर्कचा काही भाग वापरतच नाही.

६. क्लिकर: कमी फिरवा, लिहून ठेवा

क्लिकरला हात लावण्याआधी आत्ताची जागा मोजा. घड्याळाच्या दिशेने अलगद, पूर्ण बंद होईपर्यंत क्लिक मोजत फिरवा, आकडा लिहा. शेवटी जोर देऊ नका, आतली सुई खराब होते. मग मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. जुन्या गाडीत मालकामागून मालकांनी आपापले प्रयोग केलेले असतात, त्यामुळे मूळ आकड्यापासून सुरुवात हाच एक शहाणा मार्ग.

कंप्रेशन म्हणजे दबताना होणारा विरोध, रिबाउंड म्हणजे परत येताना होणारा. नव्या शॉकमध्ये लो-स्पीड आणि हाय-स्पीड असे दोन कंप्रेशन असतात. इथे स्पीड म्हणजे शॉकची दांडी आत जाण्याचा वेग, गाडीचा वेग नव्हे. पुष्कळ जण हाय-स्पीड हे लांब सरळ रस्त्यासाठी असतं असं धरून चालतात आणि भलतंच फिरवून बसतात. कडेचा मोठा नट म्हणजे हाय-स्पीड. त्याला पाव वळणही पुरे. जुन्या शॉकमध्ये बहुधा एकच कंप्रेशन असतो, म्हणजे निवड सोपी.

काही लक्षणं:

सलग खड्ड्यांत गाडी खाली खाली बसत जाते आणि कडक होत जाते: रिबाउंड फार मंद आहे, दोन क्लिक उघडा. उडीच्या तोंडाशी मागचं चाक लाथ मारून वर येतं: रिबाउंड फार वेगवान आहे, दोन क्लिक बंद करा. वळणाआधी ब्रेक लावताच पुढचा भाग एकदम बुडतो: फोर्कचं कंप्रेशन वाढवा. तरी नाही थांबलं तर फोर्कची स्प्रिंग नरम आहे.

एका वेळी एकच बदल, तोही दोनच क्लिकचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

७. गाडीची बैठक: फोर्कची उंची, एक्सल, हँडल

सॅग नीट झाल्यावरच इथे या. फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून (त्यांना वर धरणाऱ्या पकडीतून) वर सरकवल्या की पुढचा भाग खाली येतो, गाडी चटकन वळते, पण सरळ वेगात हँडल अस्थिर होतं. नळ्या खाली घेतल्या की उलट. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही वळणात कळतो. दोन्ही नळ्या एकसारख्या आहेत ना हे मोजून पाहा आणि क्लॅम्पचे बोल्ट टॉर्कवरच कसा, जास्त आवळले तर फोर्क आत अडकायला लागतो.

मागचा एक्सल मागे सरकवला की गाडी लांब आणि स्थिर होते, पुढे घेतला की आखूड आणि चपळ. चेन मॅन्युअलप्रमाणे ढिली ठेवा. स्टँडवर ती लोंबती दिसते म्हणून घट्ट करण्याचा मोह होतो. पण स्विंगआर्म दबला की ती ताणली जाते, आणि आधीच घट्ट असेल तर सस्पेन्शन अडवते.

जुन्या-नव्यातला खरा, न पुसला जाणारा फरक तुम्हाला इथेच भेटेल. जुन्या गाडीत टाकी वर आणि फुगीर, सीटला मध्ये खळगा. रायडर त्यात बसतो आणि पुढे सरकणं जड जातं. नव्या गाडीची सीट सपाट आणि अंग बारीक, त्यामुळे वळणात टाकीपर्यंत सरकून पुढच्या चाकावर वजन टाकता येतं. जुनी गाडी वळत नाही ही तक्रार कित्येकदा या बैठकीमुळे असते. जुन्या गाडीवर मुद्दाम पुढे सरकण्याची सवय लावा, सीटचा फोम दबला असेल तर बदला, फूटपेग रुंद बसवा. हँडल थोडं पुढे फिरवल्यानेही फरक पडतो, पण ते फोर्कच्या रेषेच्या फार पुढे नको.

ब्रेकचाही विचार करा. जुन्या पुढच्या डिस्क २३० ते २४० मिमीच्या आसपास, आजच्या २६० किंवा २७० मिमीच्या. नव्या गाडीवरून जुनीवर आलात तर ब्रेक लवकर धरा. जुन्या गाडीवर होज आणि ब्रेक ऑइल नवं घातलं की पकड बरीच सुधारते.

८. टायर आणि इंजिन, कारण तेही हँडलिंगच

दोन गाड्यांची तुलना करताना टायर सारखे नसतील तर तुलना सोडून द्या. गुठळ्यांच्या कडा गोल झालेला टायर वळणात कोणत्याही गाडीला वाईट ठरवतो. ट्यूबच्या टायरला १२ ते १४ पीएसआय ही चांगली सुरुवात. दोन्ही गाड्यांत सारखाच दाब, एकाच गेजने.

टू-स्ट्रोक हलकी वाटते याला वजनाखेरीज आणखी एक कारण आहे. तिच्या इंजिनात फिरणारं वस्तुमान कमी असतं आणि थ्रॉटल सोडल्यावर ती फारशी रोखत नाही. फोर-स्ट्रोक थ्रॉटल सोडताच मागचं चाक धरते, गाडी पुढे झुकते आणि वळणात शिरायला मदत होते, पण सलग ब्रेकिंगच्या खड्ड्यांत तीच गोष्ट त्रास देते. जुन्या फोर-स्ट्रोकमध्ये आयडल थोडा वाढवला तर हा ओढा कमी होतो आणि वळणात गाडी बंद पडणंही टळतं.

कार्ब्युरेटरच्या गाडीचं जेटिंग (पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या छिद्रांचं माप) चुकलं असेल तर पॉवर वळणाच्या मधोमध झटक्याने येते, मागचं चाक घसरतं आणि दोष सस्पेन्शनला जातो. हवा थंड आणि दाट असेल तर पेट्रोल जास्त लागतं, उष्ण किंवा उंच जागी कमी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी पडणं धोक्याचं आहे, पिस्टन चिकटू शकतो. म्हणून शंका असेल तर आधी मोठ्या जेटकडे जा. इंजेक्शनच्या गाडीत हवेचा हिशेब यंत्रच ठेवतं. तुम्ही फक्त सौम्य मॅप निवडा आणि पहिले काही महिने तिथेच राहा.

९. ट्रॅकवर तुलना कशी करायची

एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर, दोन्ही गाड्यांवर. ट्रॅक दिवसभर बदलत असतो. सकाळी ओलसर माती पकड देते, दुपारी तीच कडक होते आणि चर पडतात. म्हणून आधी एक गाडी, मग दुसरी एवढ्यावर थांबू नका. पहिली चालवा, दुसरी चालवा, पुन्हा पहिलीवर या. तिसऱ्या वेळी पहिली गाडी तितकीच चांगली वाटली नाही तर ट्रॅक बदलला आहे किंवा तुम्ही थकला आहात, आणि मधल्या गाडीबद्दलचं मत कच्चं धरा.

तीन जागांवरच लक्ष ठेवा: ब्रेकिंगचे खड्डे, बर्म (वळणाच्या कडेचा मातीचा उंचवटा) नसलेलं सपाट वळण आणि उडीनंतरचं उतरणं. सपाट वळण सगळ्यात खरं बोलतं, कारण तिथे आधाराला काहीच नसतं. पुढचं चाक बाहेर पळतं का, गाडी आत पडते का, हँडलला सतत दुरुस्ती द्यावी लागते का, हे लगेच वहीत लिहा. फेरीचा वेळ नवख्यासाठी फसवा असतो. हात किती लवकर भरून येतात ते जास्त सांगून जातं.

१०. मग घ्यायची कोणती?

पहिलीच गाडी असेल तर नवी ४५० घेऊ नका, पैसे असले तरी. तिची ताकद शिकणाऱ्याच्या आधी निर्णय घेते. १२५ टू-स्ट्रोक किंवा २५० फोर-स्ट्रोक शिकायला उत्तम.

स्वतः पाना धरायची तयारी असेल तर मधल्या गटातली स्प्रिंग फोर्कची टू-स्ट्रोक घ्या. भाग मिळतात, पिस्टन बदलणं समजण्यासारखं आहे आणि बैठक आजच्या गाडीच्या जवळची आहे. कार्ब्युरेटरची जुनी २५० फोर-स्ट्रोक घेताना मात्र इंजिनाचे तास आणि व्हॉल्व्हची नोंद नसेल तर सोडून द्या. वरून चकाचक दिसणाऱ्या अशा गाडीचं इंजिन दुरुस्त करण्यात गाडीच्या किमतीइतके पैसे जाऊ शकतात.

वेळ कमी असेल, दर आठवड्याला फक्त ट्रॅकवर जाऊन चालवायचं असेल, तर पाच-सहा वर्षांतली इंजेक्शनची २५० घ्या आणि त्यातले काही पैसे स्प्रिंग आणि सस्पेन्शन सर्व्हिससाठी आधीच बाजूला काढा. १९९६ आधीची गाडी प्रेमापोटी घ्या, जरूर घ्या, पण उंच टेबलटॉप (सपाट माथ्याच्या) आणि दुहेरी उड्यांच्या आजच्या ट्रॅकवर तिला तिच्या बेतानेच चालवा. तिचे फोर्क आणि फ्रेम इतक्या उंचीवरून पुन्हा पुन्हा उतरण्यासाठी बनलेले नव्हते.

गाडी कोणतीही घेतलीत तरी पहिल्या आठवड्यात लिंकेज खोला, सॅग मोजा, आणि सगळ्या क्लिकरचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.